उजळणीचं खोकं: ५७ दिवसांच्या नोंदी

४ जानेवारी

धाकट्या बहिणीचा पहिला पेपर २ मार्चला. हातात ५७ दिवस. आज तिचं जीवशास्त्राचं पुस्तक चाळलं. पिवळा, गुलाबी, हिरवा अशा तीन मार्करांनी पानं इतकी रंगलीत की न रंगवलेली ओळ शोधावी लागते. "हा धडा चारदा झालाय माझा," ती म्हणाली. मी पुस्तक मिटलं, कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, हृदयातून रक्त कसं फिरतं ते लिही. उजव्या कर्णिकेपासून सुरुवात झकास झाली. मग फुप्फुसाकडे जाणारी धमनी की शिरा, इथे गाडी अडली ती अडलीच. एकूण सहा ओळी. पुस्तक उघडल्यावर मात्र, "अरे हो! हे येत होतं मला."

या "येत होतं" मध्येच सगळी गोम आहे. पान समोर असलं की ओळखीचं वाटतं, ओळखीचं वाटलं की आलं असं वाटतं. वर्गातला मुलगा रस्त्यात दिसला तर ओळखणं वेगळं आणि वर्गातल्या सगळ्यांची नावं न बघता लिहून काढणं वेगळं. परीक्षा दुसऱ्या प्रकारची असते, अभ्यास पहिल्या प्रकारचा चाललाय.

तर हा प्रकल्प. कामावर रोजची नोंद ठेवायची सवय आहे, तीच इथे लावतो.

५ जानेवारी

वाटाघाटी झाल्या. तिची अट: एक धडा तिच्या पद्धतीने, म्हणजे वाचून आणि रंगवून करायचा. माझी अट: तेवढ्याच लांबीचा दुसरा धडा फक्त आठवून करायचा. श्वसन तिच्याकडे, उत्सर्जन माझ्याकडे. दोन्ही धड्यांवर प्रत्येकी २० प्रश्न मी आजच काढून पाकिटात बंद केलेत. परीक्षा आटोपल्यावर उघडू. उरलेल्या अभ्यासात काय करायचं ते मी सांगेन आणि ती कुरकुरत का होईना करेल, असं ठरलंय.

६ जानेवारी

वाचन. तिला पटवायला काहीतरी ठोस हवं होतं, ते मिळालं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रं नुसता वाचला, दुसऱ्याने एक सत्र वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तर उलटं: वाचणारे ४०, आठवणारे ६१. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील, अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती.

ती म्हणाली, "म्हणजे पेपरच्या पाच मिनिटं आधी वाचलं तर बरोबर ना?" तर्क बिनतोड आहे. फक्त अख्खं पुस्तक पाच मिनिटांत बसायला हवं.

तिच्या टेबलासमोर एक तक्ता आहे: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०, असा चढता पिरॅमिड. हे आकडे कुठल्याच प्रयोगातून आलेले नाहीत. एडगर डेल यांनी १९४६ साली अनुभवांचा जो शंकू काढला होता, त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले. तक्ता काढला. भिंतीचा रंगही थोडा निघाला, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

७ जानेवारी

खोकं तयार. बुटांचं रिकामं खोकं, पुठ्ठ्याचे तीन आडवे तुकडे, चार कप्पे. कल्पना जुनीच आहे: जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तिसऱ्या दिवशी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने. म्हणजे जे येतं त्याला कमी वेळ आणि जे येत नाही त्याला जास्त. ऐकायला सरळ वाटतं, पण माणूस आपणहून नेमकं उलटं करतो. जे येतं तेच वाचत बसायला बरं वाटतं.

हेच काम करणारी ॲप्स आहेत. कागद घेतला, कारण फोन हातात घेतला की पुढची वीस मिनिटं कुठे जातात ते तिलाही कळत नाही आणि मलाही.

१० जानेवारी

कार्डं लिहिणं ही वेगळीच कला निघाली. माझं पहिलं कार्ड: "हृदयाची रचना व कार्य सांगा." मागे अकरा ओळी. तिने त्यातल्या सात सांगितल्या. आता हे बरोबर धरायचं की चूक? ती म्हणाली बरोबर, मी म्हटलं चूक, दहा मिनिटं त्यात गेली.

मग ते कार्ड फोडलं. "धमनी असूनही ऑक्सिजन कमी असलेलं रक्त वाहून नेते ती कोणती?" मागे: फुप्फुस धमनी. दुसरं: "मग तिला धमनी का म्हणायचं?" मागे: हृदयापासून दूर नेते म्हणून. आत काय वाहतं त्यावर नाव ठरत नाही. तिसरं: "डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा जाड का?" मागे: उजवी फक्त फुप्फुसापर्यंत ढकलते, डावी सगळ्या शरीरभर. एका कार्डाची आठ झाली आणि चार तारखेला जिथे ती अडली होती ती जागा दुसऱ्याच कार्डात सुटली. "का" विचारणारं कार्ड लिहायला वेळ लागतो, पण "काय" विचारणाऱ्या तीन कार्डांचं काम ते एकटं करतं.

१४ जानेवारी

माझी एक चूक दुरुस्त करतो. मी टेबलासमोर लिहून ठेवलं होतं: "एका दिवसात दोन तृतीयांश विसरतो." हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या स्मृतीवरच्या १८८५ च्या कामावरून घेतलं. मूळ आकडे नीट पाहिले आणि खजील झालो. एक तर त्यांनी अर्थहीन अक्षरगट पाठ केले होते आणि प्रयोगातला एकमेव माणूस ते स्वतःच होते. दुसरं म्हणजे त्यांनी "किती विसरलो" हे मोजलंच नव्हतं. तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कष्ट वाचले, हे मोजलं होतं. वीस मिनिटांनी ५८ टक्के बचत, एका दिवसाने सुमारे ३४, महिन्याने २१.

हे मला जास्त दिलासा देणारं वाटतं. महिनाभराने अर्थहीन अक्षरांचीसुद्धा काही शिल्लक राहते, आणि अर्थ असलेला मजकूर त्याहून चिवट असतो. विसरलेला धडा कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. चिठ्ठी फाडली.

१९ जानेवारी

प्रकल्प बुडाला. निदान आज तरी तसं दिसतंय.

रोज मी पंचवीस-तीस नवी कार्डं टाकत गेलो. खोक्यात आता ३४०. आज उजळणीला आलेली ११२. दोन तास गेले, त्यात नवीन अभ्यास शून्य. ऐंशीव्या कार्डाला तिने उत्तर न आठवताच कार्ड उलटलं आणि "आलं" म्हणून पुढे सरकवलं. मी पाहिलं, पण बोललो नाही. मग शंभराव्याला तिने खोकंच माझ्याकडे ढकललं. "दादा, ही तुझी कार्डं आहेत. तूच पाठ कर."

शब्दशः खरं होतं ते. सगळी कार्डं माझ्या अक्षरात, माझ्या शब्दांत. स्लॅमेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं की तयार वाचलेल्या शब्दांपेक्षा स्वतः जुळवून काढलेले शब्द जास्त लक्षात राहतात. मी वाचून कार्डं करत होतो, म्हणजे अर्धा अभ्यास माझाच होत होता. जीवशास्त्राचा पेपर आज मला द्यायला लावला तर बहुधा मी बरा देईन.

२० जानेवारी

बदल. कार्डं फक्त ती लिहिणार. दिवसाला नवी दहा, त्याहून एकही जास्त नाही. ३४० पैकी १५० काढून टाकली: जी सोपी होती, जी एकमेकांची जुळी होती आणि जी मी निव्वळ हौसेने लिहिली होती. उत्तर मनात नाही, मोठ्याने द्यायचं किंवा कागदावर लिहायचं. मनातल्या मनात उत्तर देणारा माणूस स्वतःला फार उदारपणे मार्क देतो.

अंतरांचाही पुन्हा विचार केला. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून जास्त लोकांवर हेच तपासलं: पहिल्या आणि दुसऱ्या अभ्यासात किती अंतर ठेवावं. उत्तर परीक्षा किती लांब आहे यावर ठरतं. चाचणी आठवड्यावर असेल तर सुमारे एक दिवसाचं अंतर उत्तम, पस्तीस दिवसांवर असेल तर सुमारे अकरा दिवसांचं. म्हणजे आमचा चौथा कप्पा ठीक आहे, पण फेब्रुवारीत तो आकसत न्यायला हवा.

२४ जानेवारी

अर्धसूत्री विभाजनातल्या (जननपेशी तयार होतानाच्या पेशीविभाजनातल्या) पहिल्या पूर्वावस्थेचे पाच टप्पे: लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायाकायनेसिस. आठ दिवस कार्ड पहिल्या कप्प्यातून हलेना. शेवटी तिने स्वतःच वाक्य केलं:

"लेले झाडाखाली पॅकेट डिवचत डायरी वाचतात."

हे लेले कोण आणि पॅकेटात काय, यावर घरात चर्चा झाली. कार्ड तीन दिवसांत दुसऱ्या कप्प्यात गेलं. तानापिहिनिपाजा आपल्याला अजून आठवतं ते याच कारणाने: क्रम ज्यात आपोआप ठरत नाही, तिथे असली खुंटी लागते. पण लेल्यांना पॅकिटीनमध्ये नेमकं काय घडतं ते माहीत नाही. त्यासाठी वेगळं कार्ड करावंच लागलं: जनुकीय विनिमय, म्हणजे क्रॉसिंग ओव्हर, जोडीतल्या गुणसूत्रांची तुकड्यांची अदलाबदल. शिकण्याच्या दहा पद्धती पारखणारा डनलॉस्की आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा मोठा आढावा आहे. त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत पसरवणं या दोनच गोष्टी वरच्या वर्गात आल्या. पुन्हा वाचणं, रंगवणं आणि शब्दखुणा खालच्या वर्गात. शब्दखुणांवर मला ते थोडं कडक वाटतं, पण सगळा अभ्यास लेल्यांवर सोपवता येणार नाही हे मान्य.

२९ जानेवारी

मेंदूतून निघणाऱ्या क्रेनियल नर्व्हच्या बारा जोड्या. इथे वाक्य जमेना, म्हणून घर वापरलं. ही युक्ती ग्रीक कवी सिमोनिडीसच्या नावावर सांगितली जाते: ओळखीच्या जागेतून मनात चालत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी एकेक गोष्ट ठेवायची.

दारात चपला, त्यांचा वास: पहिली, ऑल्फॅक्टरी, गंधाची. दाराचं भिंग: दुसरी, ऑप्टिक, दृष्टीची. टीव्हीवर भिरभिरणारे डोळे: तिसरी, ऑक्युलोमोटर. खिडकीतून तिरकं बाहेर बघणारा डोळा: चौथी. तीन पात्यांचा पंखा: पाचवी, ट्रायजेमिनल, तिच्या तीन शाखा. कपाटावरून लोंबणारी कप्पी: सहावी. असं करत स्वयंपाकघर ओलांडून गॅलरीपर्यंत. दहावी व्हेगस, नावाचा अर्थच भटकी. तिला तिने जिन्यावरून खाली पाठवून दिलं, कारण ती मानेतून थेट पोटापर्यंत जाते.

एका संध्याकाळीत बाराच्या बारा. उलट्या क्रमानेही. मी चाट.

३ फेब्रुवारी

भौतिकशास्त्र. कपॅसिटरची पंधरा गणितं सलग, चौदा बरोबर. ती खूश. मग मी पाच वेगवेगळ्या धड्यांतली आठ गणितं एका कागदावर सरमिसळ करून दिली, धड्याचं नाव न सांगता. आठात तीन. तीही तणतणत.

चूक सूत्रात नव्हती. कुठलं सूत्र, इथे चूक होती. सलग पंधरा सोडवताना हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण धड्याच्या नावानेच उत्तर फोडलेलं असतं. रोरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात घनफळाची गणितं अशीच दोन प्रकारे दिली होती. सराव करताना एकेक प्रकार सलग सोडवणारे ८९ टक्के, सरमिसळवाले ६०. आठवड्याने चाचणीत सलगवाले २०, सरमिसळवाले ६३. हे आकडे तिला दाखवले. "म्हणजे आज वाईट वाटणं चांगलं आहे?" हो. पण वाईट वाटायचं ते वाटतंच.

आठातलं एक मुद्दाम नोंदवतो. कपॅसिटर बॅटरीला जोडून चार्ज केला, बॅटरी काढली, मग पाट्यांमध्ये डायलेक्ट्रिक, म्हणजे वीज वाहू न देणारा पदार्थ, सरकवला. ऊर्जेचं काय होईल? तिने छातीठोकपणे सांगितलं, के पटीने वाढेल (के म्हणजे त्या पदार्थाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक). हे बॅटरी जोडलेली असतानाचं उत्तर, तेव्हा विभवांतर (व्होल्टेज) कायम राहतं. बॅटरी काढल्यावर कायम राहतो तो चार्ज, आणि ऊर्जा के पटीने कमी होते. कागदावर दोन्ही शेजारी शेजारी मांडल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये हेच टिपलंय: ज्या चुकीच्या उत्तराची खात्री जास्त, ते दुरुस्त केल्यावर जास्त पक्कं बसतं. कार्डावर तिने एकच ओळ लिहिली: "आधी बघ, बॅटरी आहे की गेली."

९ फेब्रुवारी

आजची नोंद लिहायला लाज वाटतेय.

संध्याकाळी तिच्या मैत्रिणीने फोनवर तोंडी विचारलं, चौथी क्रेनियल नर्व्ह कोणती. धाकटी क्षणात: "ॲब्ड्यूसेन्स." मैत्रीण म्हणाली, ट्रॉक्लियर. वाद. पुस्तक उघडलं. मैत्रीण बरोबर.

तिच्या कार्डांना आधार म्हणून बारा नावांची यादी मी उतरवून दिली होती. त्यात चौथी आणि सहावी माझ्याकडून उलटसुलट झाली. ॲब्ड्यूसेन्स डोळा बाहेरच्या बाजूला वळवते म्हणून खिडकी, ट्रॉक्लियर म्हणजे कप्पी म्हणून कपाटावरची कप्पी. चित्रं सुरेख, जागा चुकीच्या. आणि अकरा दिवस ठरल्या अंतराने आम्ही ती चूक घोटून घोटून पक्की केली. खोक्याला खरं-खोटं कळत नाही. त्यात जे टाकाल ते बसतं.

उपाय: खिडकीला पडदा लावला, पडद्याच्या दोरीला कप्पी. कपाटाला आरसा, आरशात तिरकं बघणारा डोळा. "जुना डोळा खिडकीतून जातच नाहीये," ती म्हणाली. नवा नियम: पुस्तकाच्या पानाशी ताडून पाहिल्याशिवाय एकही कार्ड खोक्यात जाणार नाही, आणि कार्डाच्या कोपऱ्यात पान क्रमांक. आज जुनी सगळी तपासली. आणखी तीन चुका सापडल्या. दोन माझ्या.

१५ फेब्रुवारी

उजळणी ३५ मिनिटांत. पहिल्या कप्प्यात फक्त १९. काही विशेष नाही.

२० फेब्रुवारी

नवी कार्डं बंद. आता वेळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका, एक दिवसाआड. पहिल्याच पेपरला लक्षात आलं की कार्डांनी लांब उत्तरं लिहायचा सराव होत नाही. तुकडे सगळे येतात, पण त्यांची सलग दोन पानं करताना ती चाचपडते. हे मला महिन्यापूर्वी सुचायला हवं होतं. आता रोज एका धड्याचं नाव घ्यायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं ओतायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईने भरायचं, असं सुरू केलंय. लाल शाई किती हे बघितलं की पुढचा दिवस ठरतो.

१ मार्च

तिला रात्रभर जागायचं होतं. यावर भांडण. जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांचा १९२४ चा प्रयोग सांगितला: दोनच विद्यार्थी, अर्थहीन शब्द, पण पाठ करून झोपलेल्याला तितकाच वेळ जागलेल्यापेक्षा जास्त आठवत होतं. "दोनच विद्यार्थी?" म्हणाली. त्यानंतर झोप आणि स्मृतीवर शंभर वर्षं काम झालंय, असं मी म्हटलं. तोवर तिला जांभई आली होती. पहिल्या कप्प्यात ७ कार्डं उरली होती, ती एकदा फिरवली. साडेदहाला दिवा बंद.

२ मार्च

बरा गेला म्हणे. लेले आले नाहीत.

२४ मार्च

सगळे पेपर संपून आठवडा झाला. आज पाकीट उघडलं. पाच जानेवारीचे प्रश्न, शेवटच्या उजळणीला तीन आठवडे उलटलेले. उत्सर्जन, आठवून केलेला धडा: २० पैकी १४. श्वसन, वाचून केलेला: २० पैकी ९.

मी आकडे जरा जास्तच हळू वाचून दाखवले. ती म्हणाली, "धडे सारखे नव्हते, दादा. श्वसनात आकडे जास्त आहेत." बरोबर आहे. शिवाय फेब्रुवारीत श्वसन वाचताना ती मधूनच मान वर करून स्वतःला प्रश्न विचारायला लागली होती, म्हणजे तो धडाही पुरता वाचून झालेला नाही. एक माणूस, दोन धडे, प्रश्न काढणारा मीच. याला प्रयोग म्हणवत नाही.

खोकं माळ्यावर टाकण्याआधी सहज म्हटलं, क्रेनियल नर्व्ह सांग. चपला, भिंग, टीव्ही भराभर झालं. मग खिडकीशी थांबली, डोळे मिटलेले.

"ॲब्ड्यू... नाही, ती तुझी. ट्रॉक्लियर."